रस्ता बघणारे व्याही

रस्त्याकडे बघत गाडी चालवणारी माणसं जगात पुष्कळ असतील. पण केवळ रस्ता नीट बघायला मिळावा म्हणून गाडी चालवणारा माणूस अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात एकच आहे, आणि तो माझा व्याही आहे. माझं याच जिल्ह्यातल्या वाशीत कापडाचं दुकान. व्याह्यांचं गाव परंडा तालुक्यात, सोनारीच्या अलीकडे. मध्ये भूम. अंतर म्हणाल तर फार नाही, पण रस्ता असा की लेक दिल्यापासून ती परमुलखात दिल्यासारखी वाटते. या रस्त्यावरून जाणारा प्रत्येक माणूस शिव्या देत जातो. आमच्या भागात ते गाडी चालवण्याचंच एक अंग आहे. क्लच, गिअर, ब्रेक आणि शिवी. मीही देतो. दुकानात गिऱ्हाइकांशी दिवसभर गोड बोलून साठलेलं सगळं मी त्या रस्त्यावर रिकामं करतो. व्याह्यांच्या तोंडून मात्र रस्त्याबद्दल वावगा शब्द गेलेला मी ऐकलेला नाही. खड्डा आला की ते आपली जुनी फटफटी बाजूला घेतात, स्टँडवर लावतात, टोपी मागे सारतात, गुडघ्यांवर हात ठेवून वाकतात आणि विहिरीत कुणाचं जनावर पडलंय की काय अशा काळजीने आत बघत राहतात. येणारे-जाणारे थांबून विचारतात, काही हरवलं का. त्यावर ते शांतपणे सांगतात, हरवलं न्हाय, कालच्यापेक्षा हातभर वाढलाय.

त्यांच्या फटफटीला बारा महिने छत्री बांधलेली असते. उन्हाळ्यात लोकांना वाटतं उन्हासाठी, पावसाळ्यात वाटतं पावसासाठी. प्रत्यक्षात ती छत्री त्यांनी डोक्यावर धरलेली कुणी पाहिलेली नाही. तिच्या टोकाने ते खड्ड्याचा तळ चाचपतात, कडा टोकरतात, खडी सुटी झालीय का बघतात. एकदा भर पावसात ते छत्री मिटून पाण्याने भरलेल्या खड्ड्यात खुपसत उभे होते आणि स्वतः नखशिखांत भिजत होते. मी गाडी थांबवून म्हटलं, अहो, उघडा की ती. तर म्हणाले, उघडल्यावर तळ कसा लागंल?

रस्ता का फुटतो यापेक्षा तो नेमका तिथंच का फुटतो, याचं त्यांना कुतूहल. त्यांचा एक सिद्धांत असा, की खड्डा कधी बुजत नाही, तो फक्त पुढे सरकतो. ठिगळ लावलं की ते रस्त्याच्या वर येतं, त्याच्यावरून उतरणारं चाक पुढे आपटतं, आणि पुढे नवा खड्डा पडतो. त्यांच्या गावात मारुतीच्या देवळासमोर पडलेला एक खड्डा असा सरकत सरकत शाळेच्या फाटकापर्यंत गेला, असं ते शपथेवर सांगतात. 'म्या त्याला लहान असल्यापास्नं वळखतो,' हे वर. दुसरा सिद्धांत असा होता, की सावलीत खड्डा पडत नाही, कारण उन्हाने डांबर मऊ होत नाही. हा त्यांनी मला चांगला तासभर समजावला, आणि परत निघाल्यावर तालुक्यातला सगळ्यात मोठा खड्डा आम्हाला निंबाच्या गर्द सावलीत भेटला. दुसरा कुणी खट्टू झाला असता. हे हरखले. झाडाभोवती एक फेरी मारून म्हणाले, आता या निंबाचं काहीतरी येगळं हाय, बघावं लागंल. चूक ठरण्यात एवढा आनंद मानणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. माझ्या ओळखीतले बाकीचे लोक बरोबर ठरण्यातच हयात घालवतात.

सोयरीक जमली तीही खड्ड्यावरूनच. मुलगी बघायला आले तेव्हा पोहे झाले, चहा झाला, शिक्षण-स्वयंपाक विचारून झालं. हे आपले गप्प. मला वाटलं, मुलगी मनात भरली नाही. शेवटी निघता निघता त्यांनी माझ्या लेकीला विचारलं, तू स्कुटी चालवतीस म्हणं. मग खड्डा आल्यावर काय करतीस? ती जराही गडबडली नाही. म्हणाली, कोरडा असेल तर हळू उतरते, पाण्याचा असेल तर उतरत नाही, आत काय आहे ते दिसत नाही ना. व्याह्यांनी तिथल्या तिथे टोपी सारखी केली आणि पसंती सांगितली. पत्रिका बघायची राहिली, असं त्यांच्या मंडळींनी हळूच सुचवलं, तर म्हणाले, बघितली की आता. आमच्या घरात या गोष्टीची पुढे बरेच दिवस थट्टा चालली. आमची ही म्हणायची, आपण पोरीला सासर बघितलं की रस्त्याची परीक्षा घेणारा साहेब बघितला?

हिचा आणि व्याह्यांचा एक वेगळाच मामला आहे. आमच्यात विहीण व्याह्याशी समोरासमोर बोलत नाही. बोलायचं ते मला मध्ये घालून. एका खोलीत तिघे बसलेलो असतो, ही भिंतीकडे बघून मला म्हणते, त्यांना विचारा, अजून पोळी वाढू का. आणि ते खिडकीकडे बघून मला म्हणतात, त्यांना सांगा, बास झालं. मी तोंड उघडायच्या आत पोळी आलेली असते आणि परतही गेलेली असते. फोन आल्यापासून तर मी नुसता फोन धरून बसतो. तरी व्याही आले की ही मनातून वैतागायची. कारण ते वेळेवर कधी येत नसत, आणि आले की कुणाची खुशाली विचारायच्या आधी रस्त्याची खुशाली सांगायला बसत. पुलाजवळचा कसा आहे, वळणावरचा कुठवर आला, चढावरच्याला परवा खडी टाकली पण त्याने ती दोन दिवसांत बाहेर टाकली. चहावर साय धरायची. आजारी नातेवाइकांबद्दल बोलावं तसा त्यांचा सूर लागलेला असायचा.

मागच्या वर्षी लेकीला पहिल्यांदा दिवस गेले आणि तिसऱ्या महिन्यात सगळं वाया गेलं. त्याच्या आदल्या आठवड्यात ती भूमहून मोटारसायकलीवर मागे बसून गावी गेली होती. डॉक्टरीणबाईंनी आम्हा सगळ्यांना बसवून नीट सांगितलं, की यात रस्त्याचा काही संबंध नाही, असं कधी कधी होतं, कुणाचाच दोष नसतो. आम्ही माना डोलावल्या. व्याह्यांनीही डोलावली. पण दुसऱ्या दिवशी ते त्या रस्त्यावर गेले, फटफटी लावली आणि एका खड्ड्यापाशी बराच वेळ थांबले. हे विहीणबाईंनी नंतर आमच्या हिला सांगितलं. म्हणाल्या, रोज वाकून बघतात, त्या दिवशी वाकले नाहीत. नुसते उभे राहिले. हे ऐकल्यावर हिने त्यांची थट्टा करणं बंद केलं.

यंदा पुन्हा दिवस गेले, आणि या खेपेला सगळं ठीक चाललं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं हे ठरलेलंच. सातव्यात ओटी भरून लेकीला वाशीला आणायची. जावई पुण्याला कंपनीत, त्यामुळे आणायला मीच जाणार. आणि नेमकी त्याच्या महिनाभर आधी, श्रावणात, व्याह्यांच्या गावच्या रस्त्याला दुरुस्तीची टोळी लागली. व्याह्यांना कोण आनंद झाला. सुनेच्या प्रवासाआधी रस्ता होतोय म्हणून ते पाण्याची घागर आणि पानसुपारी घेऊन रोज सकाळी टोळीच्या आधी जागेवर हजर. टोळीने खड्ड्यांच्या कडा कापून ते चांगले चौकोनी करून घेतले. व्याही मुकादमाच्या मागे मागे. खडी का धुतली नाही, आत मुरूम का टाकता, रोलर कधी येणार, ट्रॅक्टरचं चाक फिरवून दबतं का. राग नाही, टोमणा नाही. विचारणाऱ्याला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. मुकादमाला आयुष्यात भांडणारे पुष्कळ भेटले असतील, त्यांना काय सांगायचं हे त्याला पाठ असणार. पण जाणून घेणारा त्याला पहिल्यांदाच भेटला. बुरबुर पाऊस सुरू असताना डांबराचं पिंप उघडलं, तेव्हा व्याह्यांनी विचारलं, 'मुकादम, वल्या खडीवर टाकलेलं डांबर चिकटतं कशाला?'

'बुटाला,' मुकादम म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी टोळी सामानसुमान उचलून पलीकडच्या गावाला निघून गेली. ती परत आली नाही. आधी खड्डे गोल होते, आता चौकोनी झाले, एवढीच काय ती दुरुस्ती. गोल खड्ड्यातून चाक तिरकं काढून नेता तरी यायचं. चौकोनात पडलं की चारी बाजूंनी उभ्या कडा. गावातले लोक व्याह्यांवर भडकले. निम्मंशिम्मं का होईना काम होत होतं, तुमच्या चौकशांनी तेही घालवलंत, असं चारचौघात त्यांना ऐकवलं. त्यांनी फक्त मला फोन करून सांगितलं, की रस्ता झाल्याबिगर सून पाठवणार न्हाय.

आमच्या घरात आगडोंब उसळला. मी फोन मोठ्या आवाजात लावून मध्ये ठेवला आणि दोन्हीकडून मला उद्देशून बोलणं सुरू झालं. त्यांना सांगा, रिवाज आहे. त्यांना सांगा, रिवाज कबूल हाय, रस्ता कबूल न्हाय. त्यांना म्हणावं, तिकडे डॉक्टरीण कुठाय. त्यांना सांगा, परंड्याला हाय. शेवटी ही माझ्याकडे बघून, पण फोनला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, 'त्यांना म्हणावं, रस्त्याची वाट बघत बसलात तर पोरगं जन्माला येऊन आपल्या पायानं चालत येईल वाशीला.' मग व्याह्यांनी विचारलं, पोरीचं काय म्हणणं हाय? लेक तिकडे त्यांच्याच घरात, पण सासऱ्यासमोर बोलणार कशी. ती काहीच बोलली नाही, आणि काहीच न बोलणं म्हणजे तिला आईकडे यायचं होतं, हे त्यांना कळलं. दसऱ्यानंतर त्यांचा फोन आला. गुरुवारी या, रस्ता तयार ठिवतो.

मला वाटलं, टोळी परत आली. गुरुवारी पहाटेच गाडी काढली. भूम ओलांडलं, तर रस्ता होता तसाच, पण निराळंच काहीतरी चाललेलं. जिथे तिथे टपरीवाले आपल्या टपऱ्या मागे ओढतायत, बायका खराटे घेऊन रस्ता झाडतायत, आणि रस्त्यावर पांढरट पुसट डाग. आमच्याकडचे लोक स्वतःच्या दारासमोरचा रस्ता झाडत नाहीत, ते भर रस्त्याच्या मधोमध खराटा मारतायत म्हटल्यावर मी गाडी थांबवली. एका चहावाल्याला विचारलं. तो खालच्या आवाजात म्हणाला, 'रुंदीकरणाची रेघ मारून गेलेत जणू. रेघच न्हाय ऱ्हायली तर पाडत्यात काय?'

उलगडा झाला तो व्याह्यांच्या ओट्यावर. ते कोपरापर्यंत पांढरे होऊन बसले होते. कबड्डीच्या मैदानावर मारतात ती चुन्याची फक्की पोत्याने आणून त्यांनी गावापासून भूमपर्यंत एक रेघ ओढली होती. कुठून चाक नेलं तर धक्का बसणार नाही, ती वाट. दोन दिवस ते वाकून वाकून हे करत होते. पुढे वाशीपर्यंत न्यायचा बेत होता, पण फक्की भूमलाच संपली. मी त्यांना सांगितलं, की रेघ पुसली लोकांनी. त्यांनी आधी विचारलं, कशानं पुसली? म्हटलं, खराट्याने. त्यावर त्यांनी क्षणभर विचार केला, की ओल्या रेघेला खराटा लागला असता का. आणि मग एकदम त्यांचा चेहरा उतरला. इतका पडलेला चेहरा मी त्यांचा कधीच पाहिला नव्हता. दारात माझी लेक ओटी भरून, पिशवी घेऊन उभी होती.

ते उठले, हात धुतले आणि फटफटीला किक मारली. विहीणबाई आडव्या आल्या. सासऱ्याने सुनेला माहेरी पोचवायची रीत कुठे आहे, लोक काय म्हणतील. लोक म्हणालेच, शेजारची एक म्हातारी हसून म्हणाली, घ्या, माहेरी न्यायला सासराच मुराळी झाला. व्याह्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते माझ्या खिडकीपाशी आले.

'म्या पुढं व्हतो. तुम्ही माझ्या हाताकडं बघा. रस्त्याकडं बघू नगा.'

आणि मग त्या रस्त्यावरून आम्ही निघालो. पुढे फटफटी, मागे माझी गाडी, मागच्या सीटवर उशांच्या गराड्यात लेक. डावा हात बाहेर निघाला की मी डावीकडे, उजवा निघाला की उजवीकडे, पंजा खाली दाबला की ब्रेक. गाडीचा वेग असा, की शेतातून येणारी म्हैसदेखील आम्हाला वाट न देता पुढे गेली. पाण्याचं डबकं आलं की ते फटफटी थांबवायचे, छत्री घेऊन स्वतः पाण्यात उतरायचे, इकडून तिकडे चालून बघायचे, गुडघ्यापर्यंत चिखलाने भरून परत यायचे आणि मला बोलवायचे. मागून एसटी आली. ड्रायव्हरने आधी हॉर्न वाजवून कान किटवले, मग एकाएकी गप्प बसला. थोड्या वेळाने आरशात बघतो तर एसटीच्या मागे एक टेम्पो, त्याच्या मागे जीप, दोन मोटारसायकली; सगळे शहाण्यासारखे एका रांगेत, व्याह्यांचा हात हलेल तसे हलतायत. कुणी शिवी देत नव्हतं. भूमला थांबलो तेव्हा एसटीचा ड्रायव्हर खाली उतरला आणि त्याने अगदी अदबीने मला विचारलं, ते पुढचे पाव्हणे रोज या रस्त्यानं जातात का? माझी लेक त्यावर खूप हसली. भूम सोडल्यावर मात्र ती हसायची थांबली. बराच वेळ पुढच्या काचेतून बघत राहिली. मग म्हणाली, 'बाबा, पोटात हलतंय. धक्क्याने नाही. आपलं आपण.' तेवढ्यात उजवा हात निघाला, मी गाडी उजवीकडे घेतली.

वाशीला पोचायला दिवस कलला. ही दारात भाकरतुकडा घेऊन उभी. पुढे जी आकृती थांबली, ती धुळीने आणि चिखलाने इतकी माखलेली की हिने ओळखलंच नाही. कुणी रस्ता विचारायला आलंय असं वाटून ती त्यांना ओलांडून गाडीकडे धावली. लेक हळूहळू उतरली. ही तिच्यावरून तुकडा उतरवायला लागली, तर लेकीने हिचा हात धरला आणि सासऱ्यांकडे बघितलं.

'आई, आधी मामांवरून उतरव.'

ही थबकली. मग वळली, त्यांच्यापुढे गेली, तुकडा उतरवून टाकला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला मध्ये न घालता त्यांना म्हणाली, आत या, हातपाय धुवा, जेवूनच जा. व्याही संकोचले. उजेड आहे तोवर निघतो, एवढं म्हणाले, तेही माझ्याकडे बघून. चहा उभ्यानेच घेतला. दिवसभर उचलून उचलून हात भरून आले होते, कप दोन्ही हातांनी धरावा लागला. त्या वेळी रस्त्याबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत.

पुढे मार्गशीर्षात नात झाली. दोघी सुखरूप. रस्ता अजून आहे तसाच आहे. मी पुन्हा शिव्या द्यायला लागलोय. बारसं झालं, लेक सासरी गेली, सगळं रीतीप्रमाणे झालं. पण मला राहून राहून आठवते ती त्या संध्याकाळची त्यांची निघायची वेळ. मी त्यांना दारापर्यंत पोचवायला गेलो. आमच्या दुकानासमोरचा रस्ताही काही कमी नाही. त्यांनी फटफटी सुरू केली आणि निघाले. थोडं पुढे गेल्यावर पाहतो, तर त्यांचा डावा हात बाहेर निघाला. मग उजवा. मग पंजा खाली दबला. मागे कुणीच नव्हतं, माझी लेक आमच्या घरात होती, तरी मागून येणाऱ्या गाडीला ते वाट दाखवत चालले होते. वळणापर्यंत तसेच गेले. मी तिथेच उभा राहिलो. आतून लेकीने विचारलं, बाबा, मामा गेले का. म्हटलं, अजून रस्त्यावर आहेत.